तोंड बघणारी चांगुणाआत्या

चांगुणाआत्याने मला पहिल्यांदा बघितलं तेव्हा तिने माझा चेहरा बघितला नाही, दात बघितले.

नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं. शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत, एका गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेवर मी रुजू झाले होते. वय एकतीस, डी.एड., खांद्याला रेक्झिनची पर्स, आणि जगातलं बहुतेक सगळं आपल्याला कळलेलं आहे याची पक्की खात्री. ती मुलगी आज मला भेटली तर मी तिला आधी पर्स खाली ठेवून गप बसायला सांगेन. तर मी आणि आमचे हे नव्या घरात सामान लावत होतो, तेव्हा शेजारच्या पडवीतून एक उंच, काटक बाई उतरली. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, वय पंचावन्नच्या पुढे. मी नमस्कार करून हसले. सगळा जबडा उघडून हसायची मला सवय होती. बाईने मान तिरकी केली आणि थेट आत बघितलं.

"तीस-एकतीस," ती म्हणाली. "अक्कलदाढ आली नाय गो अजून."

मी तोंड मिटलं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, म्हणून जास्तच राग आला.

मग कळलं की बाईचा धंदाच तो. तिचे वडील गुरांच्या बाजारात तोंड बघायचे. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून ही लहानपणापासून त्यांच्यामागे म्हशाच्या जत्रेला चालत जायची. लग्न झालं, दोन वर्षांत नवरा गेला, ही माहेरी परतली. पुढे वडील गेले तेव्हा लोक सवयीने त्यांच्या दाराशी येत राहिले आणि ही सवयीने उठून जात राहिली. दलाली ती करत नसे. खरेदी करणाऱ्याबरोबर जायचं, जनावराचं तोंड उघडायचं आणि सांगायचं. उत्तरं दोनच, "घे" किंवा "नको". बदल्यात नारळ आणि चहा.

बैलाचं तोंड उघडताना मी तिला कितीदा बघितलं असेल. आधी ती त्याच्या कपाळावर तळवा ठेवी. मग उजवा अंगठा ओठाच्या कोपऱ्यातून, जिथे दात नसतात त्या मोकळ्या जागेतून, अलगद आत. जीभ मुठीत धरून बाजूला. दोन दाती, चार दाती, सहा दाती, आठही दात भरले की जुळलेला; त्यावरून जनावराचं वय. खालच्या जबड्यावर एक नजर टाकली की संपलं. तरुणपणी तो अंगठा एका गोऱ्ह्याच्या दाढेखाली सापडला होता. तेव्हापासून त्याचं नख अर्धंच होतं. त्या अर्ध्या नखाने ती हिरडी दाबून बघायची.

तिचे नियम होते. हात घातल्याबिगर बोलायचं नाही, हा पहिला. दुसरा, जनावराच्या समोर त्याची खोड बोलायची नाही. "नको" म्हणायचं असलं की ती खरेदीदाराला झाडामागे नेऊन सांगायची. मी हसून विचारलं, "बैलाला कळतं का मराठी?"

"मास्तरीणबाय, त्याला आपला आवाज कळतो," ती म्हणाली. "खोड सगळ्यांना असते. तोंडावर काढली का जनावर बिघडतं."

आणि तिसरा नियम नव्हता, विश्वास होता. "तोंड खोटं बोलत नाय. मालक बोलतो." हे ती असं म्हणायची की त्यावर वाद घालायची सोय नसायची. मी तरी घातला होता. मी तेव्हा कशावरही वाद घालत असे.

तिसऱ्या की चौथ्या वर्षी मी तिच्याबरोबर म्हशाला गेले, घोंगडी घ्यायला. तिथे एक व्यापारी होता, पुढचा एक दात सोन्याने मढवलेला. देखणा पांढरा बैल घेऊन उभा, म्हणे सहा दाती. आमच्या गावच्या शांतारामला तो फार आवडला होता. शांताराम आमच्या गल्लीतला, दोन एकर भात आणि एक बैलजोडी असलेला, तोंडाने फटकळ पण कष्टाळू माणूस. आत्याने हात घातला, अर्धं नख दातांवरून फिरवलं आणि बैलालाच म्हणाली, "बाबा, तरणा दिसावा म्हणून कानशीनं घासले रे तुझे दात. लय दुखलं असंल."

आजूबाजूची माणसं हसली. एक म्हणाला, "बैलाचे घासले नि ह्याचे मढवले!" शांतारामने दोर सोडला.

मी घाबरले ती व्यापाऱ्याच्या शांतपणाला. तो ओरडला नाही. जवळ आला आणि नुसतं एखादा पत्ता सांगावा तसं म्हणाला, "म्हातारे, या तोंडाला तुझ्या आग लागंल. बघ तू."

वाटेत मी आत्याला टोकलं, "तुम्ही तर जनावरासमोर खोड बोललात!"

"खोड त्याची नव्हती गो," ती म्हणाली. "मालकाची होती."

ती हसली नाही, हे मला नंतर आठवलं.

त्याच चैत्रात तिच्या पडवीतल्या खिडकीत मिश्रीचा डबा तसाच पडून राहायला लागला. सकाळी भाजक्या तंबाखूची मिश्री दातांना लावल्याशिवाय ही बाई गुरांनाही हाक मारत नसे. मग सुक्या करंदीची, बारीक कोलंबीची, तिखट चटणी बंद झाली. मग ती संध्याकाळी बोलेनाशी झाली. दिवेलागणीला मी हाक मारली तर ती गाल फुगवून नुसती बघायची. मला वाटलं, रुसली. खरं म्हणजे तिच्या तोंडात पाणी असायचं. तांब्याचा लोटा शेजारी, घोट तोंडात धरायचा, कोमट झाला की अंगणात टाकायचा, दुसरा घ्यायचा.

एके दिवशी तिने मला हाक मारली. "तू शिकलेली हायेस. बघ जरा."

तिने तोंड उघडलं. मी बॅटरी मारली. गुलाबी जीभ, स्वच्छ हिरड्या, आमच्या पहिलीतल्या पोरांची नसतात अशी.

"काहीच नाही, आत्या."

"नीट बघ. जीभ धर. बाजूला घे. मी बघते तशी बघ."

मी पदराच्या टोकाने जीभ धरली, उचलली, खाली बघितलं, गालांच्या आत बघितलं. फोड नाही, चट्टा नाही, गाठ नाही.

"पेज फुंकर न मारता प्यायली का जीभ होते ना, तशी हाय," ती म्हणाली. "ती उद्याला बरी होते. ही होत नाय. सकाळला बरं असतं. दुपार झाली का शेंड्यावर चुरचुरतं. दिवे लागले का निखारा. नि चव अशी का तांब्याचा तुकडा चघळावा."

"आणि जेवताना?"

ती थोडी ओशाळली. "जेवताना कमी होते."

यावर मी काय केलं असेल? मी हसले. मला आज त्या हसण्याची लाज वाटते, पण तेव्हा मला वाटलं, जेवताना जाणारी आग ही काय आग! समोरच्या घरातली मंगल तर उघड म्हणायची, "भाकरी समोर आली का बरी विझते!"

आत्या मात्र हसली नाही. लोट्यातल्या पाण्याकडे बघत म्हणाली, "तोंड खोटं बोलत नाय, बाय. आजवर कधी बोललं नाय. मग माझंच कसं बोलतंय?"

शहापूरच्या एका डॉक्टरांनी तोंडाला लावायला जांभळं औषध दिलं. आठ दिवस आत्याची जीभ, दात, ओठ जांभळे. गल्लीतली पोरं तिला बघून पळाली. आग तिथेच. दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "मिश्री लावता?" ती हो म्हणाली. त्यांनी मान हलवली, "मग मुंबईला दाखवून घ्या," आणि पुढे काही बोलले नाहीत. ते न बोललेलं आम्ही दोघींनी ऐकलं. एसटीत ती खिडकीबाहेर बघत बसली. उतरताना एवढंच म्हणाली, "मुंबईला नाय जायची. जे आत हाय ते भायेर काढून दाखवतील."

आता माझी कामगिरी ऐका.

त्या पावसाळ्यात पशुसंवर्धन खात्याची पत्रकं शाळेत आली. गुरांच्या लाळ्या-खुरकूत रोगाची माहिती मुलांना वाचून दाखवायची होती. तोंडात फोड येतात, लाळेच्या तारा गळतात, जनावर मचमच करतं, खुरांत जखमा होतात; रोग एका जनावराकडून दुसऱ्याकडे झपाट्याने जातो. वाचून माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि माझ्या डोक्यात पडलेला उजेड मी कधी स्वतःपुरता ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी बोरिंगवर हंडा भरताना मंगल म्हणाली, "आत्याचं काय ते कळतच नाय बाई." आणि मी, शासनमान्य शिक्षिका, म्हणाले, "अगं, आयुष्यभर गुरांच्या तोंडात हात घातलेत. लाळेचंच काही लागलं असेल."

एवढंच. एक वाक्य. हंडा भरायच्या आत संपलं.

दोन दिवसांत गोठ्यांची दारं बंद व्हायला लागली. आत्या एखाद्या अंगणाशी उभी राहिली की आतून कोणीतरी येई, दारातच थांबे आणि हवापाण्याचं बोले. वासरू झालेल्या घरी तिला बोलावलं नाही. हे पहिल्यांदाच. ती काही विचारायची नाही. परत येऊन पडवीत बसायची, लोटा जवळ घ्यायची. तिचा उजवा हात मांडीवर उताणा पडलेला असायचा, काम संपलेल्या अवजारासारखा.

दसऱ्यानंतर शांतारामच्या जोडीतला एक बैल म्हातारा झाला म्हणून त्याने विकला आणि दुसरा आणला. कुठल्या तरी लांबच्या बाजारातून, आत्याला न विचारता. आमच्या गल्लीतून तो बैल नेताना मी दारात होते. आत्या पडवीत. बैल मान खाली घालून चालत होता, ओठ हलत होते. मचमच, मचमच. आत्या ताडकन उठली.

"शांताराम! त्याला गोठ्यात नेऊ नको. भायेर बांध. त्याच्या तोंडात बघ."

शांतारामने वळूनही बघितलं नाही. "आते, तू आपलं तोंड सांभाळ," तो म्हणाला.

मी तिथे होते. पत्रक मी वाचलेलं होतं. मचमच हा शब्द मी स्वतः फळ्यावर लिहिला होता. आणि मी बोलले नाही, कारण मला शाळेला उशीर होत होता.

चौथ्या दिवशी शांतारामच्या घरचा जुना बैल लाळ गाळायला लागला. मग मंगलची गाय. मग वरच्या आळीतली चार जनावरं. गल्लीत तो वास भरला, आंबूस, गोडसर. दूध आटलं. वासरं आधी गेली. शांतारामचा जुना बैल तीन दिवस उभा होता, मग बसला, मग उठला नाही. जनावरांचे डॉक्टर शहापूरहून आले, औषधं दिली, म्हणाले, "नवीन आणलेल्या बैलाबरोबर आलाय हा रोग. माणसाच्या तोंडाचा काही संबंध नाही. नवं जनावर पंधरा दिवस वेगळं बांधत जा." लोकांनी मान हलवली. ते गेल्यावर शांताराम म्हणाला, "म्हातारी बोलली नि झालं. बोलली नसती तर झालं नसतं."

आणि आत्याची गाय मोरी धडधाकट रवंथ करत उभी होती. आत्याने तिला उन्हाळ्यातच दवाखान्यात नेऊन लस टोचून आणली होती. लस टोचली की दूध कमी होतं म्हणून बाकी कोणी आपली जनावरं नेली नव्हती. पण हे कोणाला आठवायचं नव्हतं. मोरी जितकी चांगली दिसत होती तितकं आत्याचं वाईट होत होतं.

एके सकाळी आत्याच्या उंबऱ्यासमोर राखेची रेघ होती. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, सरळ, हाताने ओढलेली. आत्याने ती झाडली नाही. ती ओलांडून पाणी आणायला गेली, ओलांडून आत आली. त्या दिवशी मी पहिल्यांदा तो शब्द ऐकला. भुताळी. चेटूक करणाऱ्या बाईला आमच्या भागात हा शब्द आहे, आणि तो कोणी मोठ्याने म्हणत नाही. हळू म्हणतात, आणि मग काहीतरी करतात. पलीकडच्या खोऱ्यात अशाच एका बाईचं काय केलं होतं ते सगळ्यांना माहीत होतं.

मग देवळासमोर बैठक बसली. ठरलं की आत्याने सगळ्यांसमोर तोंड उघडून दाखवायचं. निरोप मंगलने आणला. मला वाटलं आत्या संतापेल. उलट तिचा चेहरा उजळला. "बघू दे," ती म्हणाली. "तोंड बघितल्यावर बोलतील ते खरं बोलतील."

ती सकाळच्या उन्हात बाजेवर बसली आणि तोंड उघडलं. एकेक पुरुष पुढे येऊन वाकून बघत होता. बॅटरी धरायला त्यांनी मलाच उभं केलं, शिकलेली म्हणून. कोणी दात मोजल्यासारखं केलं. कोणी वास घेतला. आत्याचे डोळे उघडे होते आणि ती प्रत्येकाकडे बघत होती. यातल्या कितीजणांच्या बैलांचं तोंड तिने असंच उघडलं होतं. शेवटी शांताराम आला. बराच वेळ वाकून राहिला.

"काय नाय," तो म्हणाला. "साफ हाय."

आत्याने तोंड मिटलं. मला वाटलं, सुटली.

मागून कोणीतरी विचारलं, "काय नाय तर आग कशाची लागलीये तिच्या तोंडात?"

फोड असता तर रोग म्हणाले असते. एखादा लहानसा पांढरा चट्टा असता तरी चाललं असतं. काहीच नव्हतं, आणि त्या काहीच नसण्यापासून माणसं एकेक पाऊल मागे सरकत होती. आत्याने हे बघितलं. आयुष्यभर ज्याच्यावर तिचा भरवसा होता, त्या तोंडाने तिच्याविरुद्ध साक्ष दिली होती.

मी त्या वेळी बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "चला, शाळेची घंटा झाली."

दुपारी आमचे हे मात्र कधी नव्हे ते ठामपणे बोलले. "तिला चार दिवस इथून घेऊन जा. मुंबईला दाखवूनही होईल." आत्या गाय सोडून निघेना. तेव्हा ह्यांनी मोरीकडे स्वतः बसायचं कबूल केलं. गाईची पुढची बाजू कुठली हे ज्यांना विचारावं लागे ते आमचे हे, चार दिवस हातात काठी घेऊन गोठ्याच्या दारात खुर्ची टाकून बसले.

कल्याणला माझ्या माहेरी राहून आम्ही मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात गेलो. तोंडाच्या विकारांची खोली होती, आत एक तरुण डॉक्टरीण. तिने बघितलं, दाबलं, कापूस फिरवला, रक्त तपासायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी कागद हातात घेऊन बसली आणि आत्याने काही सांगायच्या आत विचारायला लागली.

"सकाळी बरं असतं, आजी? दिवस चढेल तसं वाढतं?"

आत्याने हातातला लोटा खाली ठेवला.

"जेवताना कमी होतं? जिभेच्या शेंड्याला जास्त? चव बिघडलीये?"

आत्याने माझा दंड धरला. "हिला कुणी सांगितलं गो?"

"असं होणाऱ्या बऱ्याच बायका इथे येतात," डॉक्टरीण म्हणाली. "तुमच्या वयाच्या जास्त. तोंड चांगलं असतं, आग होते. कॅन्सर नाही. लागणारा रोग नाही. तुमच्या रक्तातही कमी काही नाही. जिभेच्या नसा चुकीची खबर देतायत. आग खरी आहे, आजी, तुम्ही खोटं बोलत नाही. पण जळत काही नाहीये."

आत्याने विचार केला. मग म्हणाली, "म्हंजे शेतात डुक्कर नाय, पन माळ्यावरचा राखण्या डबा वाजवतोय."

डॉक्टरीणबाई कल्याणच्या पुढे कधी गेल्या नसाव्यात. माळा म्हणजे शेतातलं मचाण आणि राखण्या म्हणजे त्यावर बसून डबा वाजवत रानडुकरं हाकणारा, हे मी सांगितलं. त्या खुदकन हसल्या. "हो. अगदी तसंच."

"मग त्याला गप करा."

"एक गोळी देते. थोडा गप होईल. कदाचित पूर्ण नाही होणार. मिश्री बंद ती बंदच ठेवा, तिखट-आंबट खाऊ नका, झोंबणारी टूथपेस्ट नको. पाण्याचे घोट तुम्ही स्वतःच शोधलेत, ते चालू ठेवा. आणि आग वाढली की आता काहीतरी भयंकर होणार असं मनात आणू नका. त्याने ती वाढते."

आत्याने उठताना तिचा हात हातात घेतला आणि अंगठा निरखून बघितला. "चांगला हात हाय," ती म्हणाली. "हात घातला, मग बोलली."

परतीच्या गाडीत, आसनगाव यायच्या थोडं आधी, माझ्याने राहवेना. मी म्हणाले, "आत्या, ते लाळेचं... ते बोरिंगवर मीच बोलले होते."

"ठाव हाय," ती म्हणाली. "मंगल त्याच दिशी सांगून गेली."

"मग मला काही बोलला का नाहीत?"

तिने लोट्यातला घोट घेतला, तोंडात धरला, खिडकीबाहेर टाकला. "जनावराच्या म्होरं त्याची खोड बोलू नये," ती म्हणाली.

मला इतकं शिक्षण कोणत्याच विद्यालयाने दिलं नाही.

"आता जिथं बोललीस तिथंच जाऊन बोल," ती पुढे म्हणाली.

बोलले. बोरिंगच्या ओट्यावर उभी राहून, इस्पितळाचा कागद हातात धरून सांगितलं की माझं चुकलं, लागण बिगण काही नाही. बायकांनी ऐकून घेतलं, हंडे उचलले. आधीचं वाक्य दोन दिवसांत वरच्या आळीत पोचलं होतं. हे ओट्यावरच बसून राहिलं. राखेची रेघ पावलांनी पुसट झाली होती, पण ओलांडून आत कोणी येत नव्हतं.

पौषात म्हशाची जत्रा आली. आत्या निघाली, मी बरोबर गेले. ती आपल्या नेहमीच्या आंब्याखाली बसली, शेजारी लोटा. सकाळ गेली, दुपार गेली. जनावरांचा धुरळा उडत होता, माणसं समोरून जात होती, कोणी थांबत नव्हतं. सोन्याच्या दाताचा तो व्यापारी तिथून गेला. हसला नाही. थांबून, वाकून आत्याला नमस्कार केला. त्याच्या शिव्यांना मी इतकी घाबरले नसते.

उन्हं कलली तेव्हा शांताराम आला. त्याला जोडीला बैल हवाच होता. दोरीला एक तांबडा बैल, मागे विकणारा. शांताराम चार हात लांब थांबला, स्वतःच बैलाचं तोंड उघडून धरलं आणि दुसरीकडे बघत म्हणाला, "आते, हितनंच सांग."

"हात घातल्याबिगर मी बोलत नाय."

माणसं जमायला लागली. शांताराम पुढे येईना, मागेही जाईना. जीभ धरून ठेवलेला बैल कंटाळला, दिवसभर उन्हात उभा राहून तहानलेला. त्याने हिसडा दिला, दोन पावलं पुढे आला आणि आत्याच्या लोट्यात तोंड घातलं.

तो प्यायला. सगळा लोटा. तेवढाच आवाज होता.

"गेला बैल," कोणीतरी हळूच म्हणालं. विकणाऱ्याने दोन्ही हात मागे घेतले. आता तो बैल परत कोणी घेणार नव्हतं. आत्या उठली, त्याच्या कपाळावर तळवा ठेवला, अंगठा आत घातला. संध्याकाळ होती, तिच्या तोंडात निखारा असणार. तिने घाई केली नाही.

"सहा दाती. जीभ साफ, हिरड्या साफ. घे," ती म्हणाली. मग हळू, फक्त शांतारामला, "पंधरा दिस वेगळा बांध. नि माझ्याकडं बघू नको, याच्याकडं बघ."

त्या पंधरा दिवसांइतके लांब दिवस मी पुन्हा बघितले नाहीत. बैल शांतारामच्या अंगणातल्या खुंट्याला वेगळा बांधला होता, आणि सगळं गाव कामाला जाताना तिथून जाई. मी शाळेआधी जाई. कोणत्याही कारणाने त्या बैलाला काही झालं असतं, तर त्या रेघेच्या आतल्या बाईचं काय झालं असतं ते आम्ही सगळेच जाणून होतो. आत्या पडवीत बसून त्याच अंगणाकडे बघे. "भीती वाटते?" मी विचारलं. "राखण्या डबा वाजवतोय," ती म्हणाली. "पन या खेपेला डुक्कर पन असंल."

नवव्या सकाळी शांतारामची बायको किंचाळली. बैलाच्या तोंडातून लाळेची तार लोंबत होती. मचमच, मचमच.

मी पोचले तेव्हा अंगणात वीसेक माणसं होती, काहींच्या हातात काठ्या. बैलाच्या जवळ कोणी जात नव्हतं. सगळे आत्याच्या पडवीकडे बघत होते. आणि ती येत होती. लुगडं खोचून, लोटा न घेता, गल्लीच्या मधोमध. माणसं बाजूला झाली, वाट द्यायला नव्हे, अंग लागू नये म्हणून. मी या वेळी तिच्या मागोमाग चालले. घंटा होऊन गेली होती. होऊ दे म्हटलं.

तळवा कपाळावर. अंगठा ओठाच्या कोपऱ्यातून आत. जीभ धरून बाजूला. बैल कण्हला. आत्याने मान वाकवून बघितलं, दुसरा हात आत घातला, मनगटापर्यंत, आणि काहीतरी उपसून बाहेर काढलं. रक्ताने माखलेली दोन बोटं, आणि त्यांच्या चिमटीत बाभळीचा लांब पांढरा काटा.

तिने तो शांतारामच्या तळहातावर ठेवला.

"हा दिसला," ती म्हणाली. "दिसला म्हणून याचं दुखणं खरं. माझा दिसत नाय रे."

शांताराम काट्याकडे बघत राहिला. काठ्या कुठे गेल्या कळलं नाही. कोणी माफी मागितली नाही, आमच्याकडे ती पद्धत नाही. पण त्या दिवशी शांतारामच्या बायकोने आत्याच्या हातावर पाणी घातलं आणि चहा कपातून दिला, आणि तो कप वेगळा ठेवला नाही. मी बघत होते.

आत्या पुढे बरीच वर्षं होती. मंगलच्या नातवंडांना ती दातांवरून वयं सांगायची. आग गेली नाही. गोळीने अर्ध्यावर आली, काही महिने विसरल्यासारखी व्हायची, मग पुन्हा एका संध्याकाळी लोटा बाहेर यायचा. तरी मला ती आठवते त्या वर्षीच्या फाल्गुनातली. दुपार उलटून गेली होती, आम्ही बायका बोरिंगवर होतो. मुरबाडकडे जाणारी जीप थांबली. शांतारामला कुठलीशी गाय बघायची होती, आणि तो आत्याला न्यायला आला होता. पुढच्या सीटवर ती बसली, मांडीवर लोटा. मंगलने मोठ्याने विचारलं, "आते, आज आग कशी हाय?"

आत्याचे गाल फुगलेले होते. तोंडात पाणी, बोलता येत नव्हतं. जीप हलली तेव्हा तिने खिडकीतून उजवा हात बाहेर काढला आणि अर्ध्या नखाचा तो अंगठा आम्हा सगळ्यांना दाखवला.